माहेरच्या गावी लॉजवर

वर्धा जिल्ह्यात जाणारा माणूस सेवाग्रामला जातो. आश्रमाच्या सारवलेल्या ओसरीवर घटकाभर टेकतो, आवाज खाली आणून बोलतो आणि नागपूरची गाडी पकडतो. आर्वीला मुद्दाम कोणी जात नाही. तिथं बघायला जावं असं काही नाही. कापूस, संत्री, बाजार आणि दुपारी गाढ झोपणारा मुख्य रस्ता. त्यामुळे लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं तीन दिवस आर्वीला निघालो, तेव्हा आमच्या नाशिकच्या कॉलनीत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं काय आहे?"

मी म्हणाले, "शांत आहे."

आर्वी माझं माहेर. बाजारातल्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान, मागे घर. प्रकाश, माझा नवरा, टेलिफोन खात्यात लागला आणि त्याला पहिलं पोस्टिंग आर्वीचं मिळालं. तो परभणीकडचा. वडिलांचे नागपूरच्या व्यापाऱ्यांना ट्रंक कॉल असायचे. ते जेवायला गेले की कॉल मी घ्यायची, आणि एक्स्चेंजमधून जोडून देणारा आवाज प्रकाशचा असायचा. प्रकाश बौद्ध, आम्ही पिढीजात दुकानदार. एवढं सांगितलं की महाराष्ट्रात पुढचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही वर्ध्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. त्यानंतर वीस वर्षं मी आर्वीला पाऊल टाकलं नाही. पत्रं पाठवली, ती न फोडता परत आली.

एक वाट मात्र राहिली होती. लग्नानंतर सहा वर्षांनी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रकाशनं दुकानाचा नंबर लावून दिला. बाबांनी उचलला तर ठेवून द्यायचा असं ठरवलं होतं. पण उचलला आईनं. मी "आई" म्हटलं. ती काही बोलली नाही, पण फोन ठेवलाही नाही. मी बोलत राहिले. मुलगी झाली, सुजाता नाव ठेवलं, सासूबाई माझं सगळं करतात. पलीकडून फक्त "हं" येत होतं. तीन मिनिटं संपली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळेला पुन्हा. बाबा जेवून आडवे झाले की आई दुकानात बसायची, तेवढ्यात आमचं वर्षाचं बोलणं व्हायचं. वर्षाला तीन मिनिटं, आणि त्यात तिचा शब्द एकच.

मागच्या दोन दिवाळ्यांना फोनवर वेगळीच बाई आली. "हालो, कोन बोलते?" तरुण, जरा घाईतला आवाज. दोन्ही वेळा मी काही न बोलता ठेवून दिला.

म्हणून प्रकाशनं विचारलं, "विसावं वर्ष आहे, कुठं जायचं?" तेव्हा मी माथेरान म्हटलं नाही. आर्वी म्हटलं. तो दोन दिवसांनी तिकिटं घेऊन आला.

गुरुवार

पुलगावहून एस.टी.नं आर्वी गाठली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते, जणू झाडांनी गाड्यांकडून थोडा थोडा कर घेतला होता. लहानपणी आम्ही पोरी ते पुंजके गोळा करून वाती वळायचो. प्रकाशला हे सांगायला वळले तर तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "बोल ना, ऐकतोय." त्या प्रवासात तो फारच ऐकत होता.

लॉज स्टँडजवळ, औषधाच्या दुकानावर. मालक देवरावजी, साठीचे, कानाला मफलर. रजिस्टरमध्ये येण्याचं कारण लिहायचं असतं. प्रकाशनं लिहिलं, 'लग्नाचा वाढदिवस'. देवरावजींनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"वाढदिवसाले आर्वीले? कोनी पाठवलं जी तुमाले?"

"हिनं," प्रकाश म्हणाला.

"बाई, तुमचं काही चुकून राह्यलं," ते मला म्हणाले. "चिखलदऱ्याले जाचं सोडून इथं काय पाह्यता?"

आणि त्यांनी आतून बायकोला हाक मारली. शोभाताई आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांच्या माहेरचं घर आमच्या शाळेच्या रस्त्यावर होतं. मला त्या आठवल्या. त्यांना मी आठवले नाही.

पुढं दिवसभर हेच होत राहिलं. मी तयारी केली होती ती कोणीतरी ओळखेल याची. कोणी तोंड फिरवेल, कोणी बोट दाखवेल, कोणी एखादी म्हातारी रस्त्यात थांबवून "तू त्याईचीच ना वो?" असं विचारेल. काय उत्तर द्यायचं ते मी गाडीत घोकून ठेवलं होतं. पण मी पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली, नाशिकच्या एका शाळेत पुस्तकं देणारी-घेणारी बाई होते आणि आर्वीला माझ्याशी काहीच कर्तव्य नव्हतं. शाळेसमोरून गेलो, बाजारातून गेलो. चहाच्या टपरीवर तर्री घातलेले पोहे खाल्ले. प्रकाशनं "वर थोडी कोथिंबीर टाका" म्हटलं तर टपरीवाला गोंधळला. मी म्हटलं, "सांबार टाका, सांबार." तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "असं म्हना ना बाप्पा!" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. परभणीचा माणूस आणि मी यावरून लग्नानंतर पहिलं वर्षभर हसत होतो. तेव्हाही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

संध्याकाळी आमच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. संक्रांतीचे दिवस, वाणाच्या वाट्या-डब्या घ्यायला बायकांची गर्दी. पाटी नवी झाली होती. गल्ल्यावर माझा भाऊ विजू होता. मी गेले तेव्हा नऊ वर्षांचा, रात्री माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. आता त्याचे केस बाबांसारखे पुढून मागे सरकले होते. तो एका बाईला डब्याचं झाकण घट्ट बसतं हे उघडून-लावून दाखवत होता. बाबा दिसले नाहीत. आई दिसली नाही.

"आता गर्दी आहे," मी म्हटलं. "उद्या दुपारी दीडला येऊ. तेव्हा ती एकटीच असते."

"उद्या बघू," प्रकाश म्हणाला आणि माझा दंड धरून मला तिथून हलवलं.

शुक्रवार, वाढदिवस

सकाळी धुकं होतं. प्रकाशनं देवरावजींच्या ओळखीची ऑटो ठरवून ठेवली होती. कारंज्याच्या बाजूला एका संत्र्याच्या बागेत जायचं म्हणाला. मी म्हटलं, दीडच्या आत परत यायचं. "येऊ की."

बाग पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं झाड काही उंच नसतं, माणसाच्या डोक्याहून थोडं वर. अंबिया बहाराची, म्हणजे मागच्या हिवाळी फुलोऱ्याची, शेवटची फळं राहिली होती. पानांत काळोख आणि त्यात ती पिवळी-नारिंगी. दव पडल्यामुळे हात लावला की कोपरापर्यंत ओघळ यायचे. बागेचे म्हातारे राखणदार रामजीबुवा आमच्याबरोबर फिरले. बाजारात मिळतं ते फळ माणसानं खाऊच नये असं त्यांचं मत होतं.

"थे टरकातलं संत्रं म्हंजे मेलेलं संत्रं," ते म्हणाले. "झाडाखाली उभं राहून खा. साल तिथंच टाका. तिची माती तिले द्या."

आम्ही झाडाखाली उभं राहून खाल्ली. मग त्यांनी काट्याकुट्यांचा जाळ करून तुरीच्या शेंगा भाजल्या. हात काळे झाले, प्रकाशच्या पांढऱ्या शर्टावर माझी बोटं उमटली आणि ती बघून मी हसत सुटले. रामजीबुवांनी विचारलं, लेकरं किती? एक मुलगी, बारावीत. मग म्हणाले, "आन् बाईचं माहेर कोनतं?" मी काही म्हणायच्या आत प्रकाश म्हणाला, "लांब आहे." मला राग आला. स्वतःच्या गावात उभी राहून मी लांबची झाले होते. त्याच्याकडे पाहिलं, तर तो झाडाच्या बुंध्याकडे पाहत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. दोनदा त्यानं "नलू" अशी सुरुवात केली आणि दोन्ही वेळा "अजून एक खा" यावर संपवलं.

परत निघायला उशीर झाला. तो ऑटोवाल्याशी गप्पा मारत बसला. मग वाटेत चाक बसलं. मी रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत उभी. एक वाजला, दीड झाला. प्रकाश चाक काढायला मदत करत होता, पण अशी की त्यानं वेळ जास्तच लागावा. दोनला मी म्हटलं, "तू मुद्दाम करतोयस." तो पान्यानं नट आवळत राहिला. आर्वीला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. दुकानात विजू होता आणि गर्दी होती.

लॉजवर येऊन मी पडून राहिले. सहाच्या सुमाराला शोभाताईंनी दार वाजवलं.

"चाला बाई, आमच्याइथं हळदीकुंकू हाये. लग्नाचा वाढदिवस आन् खोलीत पडून काऊन राह्यल्या? या, मी तुमाले बिना वाणाचं जाऊ नाई देत."

मी हळदीकुंकवाला जात नाही. सासरी ते नाही आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही. पण त्या दिवशी वाटलं, बायका येतील, गावातल्या येतील. आईचा काहीतरी सुगावा लागेल. मी साडी बदलली. प्रकाश खाटेवर बसला होता. म्हणाला, "नको जाऊस." मी विचारलं, का? तो म्हणाला, "तुला बरं वाटणार नाही." मी गेले.

लॉजमागच्या घरात पंधरा-वीस बायका होत्या. सतरंजी, मधे तिळगुळाचं ताट, ऊस, बोरं, गाजराचे तुकडे. नाशिकला वाण हातात ठेवतात, इथं पदर पसरायला लावतात. शोभाताईंनी मला पुढं बसवलं. "ह्या नाशिकच्या पाव्हन्या. आज याईच्या लग्नाचा वाढदिवस हाये. नाव घ्या बाई, नाव घेतल्याबिगर सोडत नाई." सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. काहीतरी जुळवायलाच हवं होतं.

"झाडावरचं संत्रं दवात भिजून आलं, प्रकाशरावांचं नाव घेताना वर्ष विसावं झालं."

वाहवा झाली. एकीनं गालावरून बोटं उतरवून कानशिलावर मोडली. आणि शेजारून आवाज आला, "नाशिकले थंडी लई असन ना?"

मी हललेच नाही. तो आवाज मला माहीत होता. हालो, कोन बोलते.

तिशीच्या आतली, गोरी, हसऱ्या डोळ्यांची बाई. वंदना नाव. तिनं शोभाताईंनी वाटलेल्या स्टीलच्या वाटीकडे बोट दाखवलं. "थ्या आमच्याच दुकानातल्या हायेत. बाजारात भांड्याचं दुकान हाये ना, थे आमचं."

म्हणजे ही माझी भावजय. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या हातात आईच्या चार पाटल्यांतल्या दोन होत्या.

"तुमच्याकडे कधी हळदीकुंकू?" मी विचारलं.

"आमच्याइथं बंद हाये जी. सासूबाई गेल्या तवापासून मामंजी नाई म्हनतात."

"कधी गेल्या?"

"दोन दिवाळ्या झाल्या. परवाच्या दिवाळीच्या आंधी. दसरा झाला आन् चार दिवसात." ती बोराची बी हातात घेऊन बोलत होती, अगदी सहज, कारण मी तिची कोणी नव्हते. "शेवटी शेवटी डोक्यावर परिनाम झालता. दुपारी जेवनं झाले का फोनपाशी जाऊन बसत. उठवलं तरी उठत नसत. म्हनत, येइन, फोन येइन. कोनाचा म्हटलं तं सांगत नसत. आमाले लई वाईट वाटे पन काय करता? आन् जवळ बसाले लेक बी नाई."

"लेक नाहीच का?"

"होती म्हनतात एक. हे लहान होते तवाच वारली. फोटो बी नाई घरात."

मग तिची पाळी आली म्हणून ती उठली, करंडा घेऊन एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत माझ्यापर्यंत आली. बोट टेकवलं, तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोलजा." आणि वाकून नमस्कार केला, मी वयानं मोठी म्हणून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या घरातल्या माणसाच्या डोक्यावर वीस वर्षांनी हात ठेवला, तो असा.

ती निघताना शोभाताईंना म्हणाली, "हे उद्या नागपूरले माल आनाले जाऊन राह्यले. सकाळी मामंजी एकटेच दुकानात असतीन, मले लवकर उठा लागते."

खोलीत आले तेव्हा प्रकाश दारातच उभा होता. माझ्या तोंडाकडे बघून त्यानं काही विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा ती दुसरी बाई आली ना फोनवर, त्याच आठवड्यात. इथल्या एक्स्चेंजमध्ये जुना ओळखीचा आहे. त्याला विचारलं."

सव्वा वर्ष. सव्वा वर्ष हा माणूस माझ्याशेजारी जेवला, झोपला. दुसऱ्या दिवाळीला मी नंबर फिरवत असताना शेजारी उभा राहिला. मी त्याला म्हटलं होतं, "आई आजारी असेल का रे?" आणि तो म्हणाला होता, "असेल थोडी."

"का नाही सांगितलंस?"

"नाशिकला सांगितलं असतं तर तू रडायला कुठं गेली असतीस? तुझ्याबरोबर तिला ओळखणारं एक माणूस तरी आहे का तिथं?" तो खाटेवर बसला. "तू आर्वी म्हणालीस तेव्हा वाटलं, चला, तिथंच सांगू. तिच्या गावात. काल वाटलं उद्या सांगू. आज बागेत... तू खात होतीस, नलू. तुला इतकं हसताना बघून... आज वाढदिवस होता."

"मी तिची वाट बघत होते. आणि ती... ती फोनपाशी बसायची, प्रकाश. सगळ्यांना वाटलं वेड लागलंय."

त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं तोंडावर हात घेतला आणि तो रडला. मला रडू आलं नाही. माझ्या आईसाठी तो रडत होता आणि मी वाटी हातात घेऊन उभी होते. त्याच्याजवळ जाऊन बसावं एवढंही माझ्यानं झालं नाही. आम्हाला परत येऊन चार महिने झाले. आम्ही भांडत नाही, सगळं सुरळीत आहे. पण तो चांगल्या मनानं गप्प राहिला हे मला पटतं आणि तरी त्याला माफ करता येत नाही. ही दोन्ही एकाच घरात राहतात, आमच्यासारखीच.

शनिवार

नऊला दुकान उघडतं. मी एकटी जाते म्हटलं. प्रकाश समोरच्या फुटपाथवर थांबला.

बाबा गादीवर बसून पितळी समई फडक्यानं पुसत होते. पंचाहत्तरीचे. खांदे खाली आले होते, पण बसणं तेच, ताठ. मी पायरीवर उभी राहिले. त्यांनी मान वर केली. "या बाई, काय दाखवू" असं म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत.

"येशीन असं वाटलंच होतं," ते म्हणाले. आधी रस्त्यावर इकडं-तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सूनबाई काल सांगत होती. नाशिकची बाई आलती, उखान्यात प्रकाशराव म्हने. मंग समजलो."

"बाबा, आईचं कळवलं नाही मला."

वीस वर्षांत सुटलेली बोली तोंडात येईल असं मला वाटत होतं. आली नाही. मी नाशिकच्या बाईसारखीच बोलत होते.

"मेलेल्या मानसाले कोनी कळवते काय?" हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. समई फिरवून दुसरी बाजू पुसायला घेतली. बराच वेळ पुसत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "फोनचं मले मालूम होतं."

"केव्हापासून?"

"पयल्या खेपेपासून. मी मागच्या खोलीत पडून राहो. झोप कायची लागते! तिचं थे 'हं, हं' सारं ऐकू ये. मंग रातच्या जेवनाले बसलो का ती सांगे, एका बाईची पोरगी नववी पास झाली म्हने. कोन बाई, मी इचारत नसो. मी म्हनो, असं काय? चांगलं झालं."

"मग एकदा तरी बोलायचं होतं माझ्याशी. एकदा तरी."

"बोललो असतो तं बंद करा लागलं असतं," ते म्हणाले. "मालूम नाई म्हनून चालू होतं. वर्सातून एक दिवस मी दुपारी झोपाचं सोंग करो. आता ती नाई. आता कोनासाठी सोंग करू?"

मी पायरी चढून आत गेले. त्यांनी हातानं थांबवलं नाही, पण मान हलवली. "विजूले सांगतलं हाये का बहीन मेली. शाळेत पोट्टे चिडवत होते, रडत घरी ये, म्हनून सांगतलं. त्याले आता पाच वर्साची पोरगी हाये. वीस वर्साचं खोटं मी या वयात मागं कसं घेऊ? माह्यानं नाई होत."

मग समोर पाहिलं. "थो आला काय?"

"समोर उभा आहे."

त्यांनी डोळे बारीक करून फुटपाथवर उभ्या असलेल्या प्रकाशकडे पाहिलं. तो त्यांना यापूर्वी एकदाच दिसला असेल, एक्स्चेंजमध्ये बिलाची तक्रार घेऊन गेले होते तेव्हा.

"पिकला," ते म्हणाले.

त्या एका शब्दानं माझा धीर वाढला. तो फार माणसासारखा शब्द होता. मी म्हटलं, "बाबा, मी पाया पडते आणि जाते," आणि वाकले.

त्यांनी पाय वर घेतले. गादीवर, मांडीखाली, धोतराच्या आत. गडबडीनं, जसा एखादा माणूस पाणी आत आलं की पाय उचलतो. माझा हात गादीच्या खोळीला लागला. मी तशीच दोन क्षण वाकलेली राहिले, मग उठले.

"जाय आता," ते म्हणाले. "गिऱ्हाईक यीन."

मी रस्ता ओलांडून प्रकाशपाशी आले आणि आम्ही लॉजकडे चालू लागलो.

दुपारच्या छोट्या गाडीनं पुलगावला निघालो. दोनच डबे, लाकडी बाकं, खिडकीबाहेर हात काढला तर तुरीला लागेल इतकी जवळ शेतं. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती. गाडी हलली आणि मला रडू फुटलं. आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं. पदर तोंडाशी धरला तरी आवाज बाहेर येत होता. प्रकाशनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तो काढला नाही.

म्हातारीनं बघून घेतलं. मग पुढं वाकून विचारलं, "माहेराहून चालली काय वो बाई?"

"हो," मी म्हटलं.

"कोन कोन हाये माहेरी?"

"वडील आहेत. भाऊ आहे. भावजय, एक लहान भाची."

"मंग?" ती म्हणाली. "भरलं घर हाये. असं रडाचं नसते. पुढच्या साली अजून येजो."

मी मान हलवली. आतापर्यंत गाव मागं पडलं असेल म्हणून डोळे पुसून खिडकीतून पाहिलं. पण ती गाडी फार हळू जाते. सरकीचे ढीग, जिनिंगची पत्र्याची छपरं, त्यामागं बाजाराची घरं, सगळं अजून तिथंच होतं, आणि किती तरी वेळ तसंच दिसत राहिलं.